सैन्य घडवणारा कारखाना

चीनमधल्या शीआन शहरातून मातीचं सैन्य पाहायला निघालेली टूरची बस बहुतेक वेळा थेट सैन्याकडे जात नाही. लिनतोंगच्या रस्त्यावर ती आधी एका कारखान्याच्या फाटकात वळते. गाडीतली सराईत मंडळी लगेच कुरकुर सुरू करतात, की आता तासभर खरेदीत जाणार. कुरकुर खोटी नसते. बाहेर पडायची वाट दुकानातूनच जाते आणि दुकान चांगलं लांबलचक असतं. तरीही हा थांबा गाडीत झोपून काढू नये, असं माझं मत आहे. सैन्याचे खड्डे नुसते पाहिले तर डोळ्यांत भरते ती संख्या. कारखाना पाहून मग गेलं, की त्या संख्येमागचं काम दिसायला लागतं, आणि थक्क व्हावं अशी खरी गोष्ट तीच आहे.

आम्ही गेलो तेव्हा अंगणात मुंडकं नसलेले पुरुषभर उंचीचे शिपाई ओळीने उभे होते. पर्यटकाने मागे जायचं, मानेच्या जागी आपली हनुवटी टेकवायची आणि फोटो काढून घ्यायचा. आत फळ्यांवर बोटभर उंचीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंतचे शिपाई, घोडे, सारथी. रेशमी अस्तराच्या खोक्यात बसवलेला पाच जणांचा संच सगळ्यांत जास्त खपतो. सांगितलेली किंमत आणि दिलेली किंमत यांत बरंच अंतर असतं, आणि ते कापताना दोन्हीकडचे लोक मजेत असतात.

पाहण्यासारखं होतं ते मात्र मागच्या बाजूच्या टेबलांवर. तिथे एक बाई प्लास्टरच्या साच्याचे दोन अर्धे भाग पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मळलेल्या मातीचा गोळा घेऊन त्या अंगठ्याने साच्याच्या खोबणीत दाबत होत्या, नाकापाशी, बोटांपाशी जरा जास्त जोर देऊन. दोन्ही अर्ध्या भागांच्या कडा ओरखडून त्यांवर पातळ कालवलेली माती लावली, साचा मिटला, दाबला आणि बाजूला ठेवला. प्लास्टर मातीतलं पाणी ओढून घेतं, माती किंचित आकसते आणि आपसूक सुटते. आधीच सुटत आलेला दुसरा साचा त्यांनी उघडला. आतल्या शिपायाच्या दोन्ही खांद्यांवरून पायांपर्यंत सांध्याची एक बारीक कड उतरलेली होती. बांबूच्या पातीने ती छिलली, ओल्या स्पंजने पुसून टाकली, मग पातीच्या टोकाने मिशा उकरल्या आणि चिलखताच्या पट्ट्या ठसठशीत केल्या. हे सगळं त्यांनी शेजारणीशी गप्पा मारत केलं. शिपाई फळीवर गेला, दुसरा साचा पुढ्यात आला.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात ज्याचं लहानपण गेलंय, त्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. तिथेही मूर्तीचं अंग साच्यातून निघतं आणि डोळ्यांची आखणी मात्र सर्वांत जाणत्या हाताकडे जाते. मातीचं सैन्य घडवणाऱ्या छिन सम्राटाच्या कारागिरांनीही साचा आणि हात यांच्यात कामाची वाटणी केली होती. फरक आहे तो हाताच्या वाट्याला किती काम ठेवलं याचा. तो फरक केवढा, ते कळायला थोडा इतिहास हवा.

छिन शी ह्वांगचा जन्म इ.स.पू. 259 चा. वयाच्या तेराव्या वर्षी, इ.स.पू. 246 मध्ये, तो छिन राज्याच्या गादीवर आला. आपल्याकडे तेव्हा सम्राट अशोकाची कारकीर्द चालू होती; ज्याच्या आज्ञा आपल्या सोपाऱ्यालाही दगडावर कोरल्या गेल्या, तो हा समकालीन. छिनच्या राजाने इ.स.पू. 221 पर्यंत बाकीची सहा राज्यं एकामागून एक गिळली आणि स्वतःला पहिला सम्राट म्हणवून घेतलं. मग सगळ्या मुलखासाठी एक लिपी, एक वजनमाप, एक नाणं आणि गाड्यांच्या दोन चाकांमधलं अंतरही एकच ठरवलं. इ.स.पू. 210 मध्ये दौऱ्यावर असतानाच तो मेला. राजधानी शिएनयांग वेई नदीच्या काठी होती. पुढे त्याच परिसरात छांगआन वसलं, म्हणजे आजचं शीआन. सातव्या शतकात ह्युएन त्संग निघाला तो याच शहरातून, आणि महाराष्ट्रापर्यंत येऊन पुलकेशीच्या राज्याचं वर्णन घेऊन परतला तोही याच शहरात.

सम्राटाच्या थडग्याचं काम तो गादीवर आला तेव्हाच सुरू झालं. सम्राटाच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी सिमा छ्यान या इतिहासकाराने त्याचं वर्णन लिहिलं. 7,00,000 माणसं कामाला होती, जमिनीखाली राजवाडे उभारले होते, पाऱ्याच्या नद्या वाहत्या ठेवल्या होत्या, छतावर आकाशातले तारे होते, चोरांसाठी आपोआप सुटणारे बाण लावले होते, असं तो सांगतो. इतक्या बारकाईने लिहिणारा हा माणूस मातीच्या सैन्याबद्दल एक अक्षरही लिहीत नाही. त्यामुळे हजारो पुतळे जमिनीखाली आहेत याची दोन हजार वर्षं कुणाला कल्पनाच नव्हती.

1974 च्या मार्चमध्ये दुष्काळ होता. थडग्याच्या टेकडीपासून पूर्वेला सुमारे दीड किलोमीटरवर शीयांग नावाच्या वस्तीतल्या यांग आडनावाच्या शेतकऱ्यांनी विहीर खणायला घेतली. 29 मार्चला कुदळीला भाजलेल्या मातीचे तुकडे लागले, मग मातीचं एक धड, काशाची बाणांची टोकं. लिनतोंगच्या सांस्कृतिक केंद्रात चाओ खांगमिन हे पुरातत्त्वाचं काम पाहत. त्यांना वार्ता लागली, त्यांनी तुकडे गोळा करून नेले आणि धीराने जुळवत बसले. जुळवून उभा राहिला तो चिलखत घातलेला, माणसाएवढा शिपाई. पुढे रीतसर उत्खनन सुरू झालं, 1 ऑक्टोबर 1979 ला संग्रहालय उघडलं आणि 1987 मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा म्हणून नोंदवला. विहीर खणणाऱ्यांपैकी काही जण पुढे कित्येक वर्षं संग्रहालयाच्या दुकानात बसून पुस्तकांवर सह्या देत असत.

आता खड्ड्याकडे. एक नंबरचा खड्डा 230 मीटर लांब आणि 62 मीटर रुंद आहे. त्यावर विमानतळाच्या हँगरसारखं प्रचंड छप्पर घातलेलं आहे. आपण वरच्या कठड्याशी उभं राहायचं आणि खाली पाहायचं. ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंती, त्यांच्या मधे विटा अंथरलेले लांबच लांब बोळ आणि बोळांमध्ये चारचार जणांच्या रांगा, बहुतेक सगळे पूर्वेकडे तोंड करून. जिंकलेली राज्यं पूर्वेला होती. या एका खड्ड्यात सुमारे 6,000 पुतळे असावेत असा अंदाज आहे. दोन नंबरच्या खड्ड्यात घोडदळ, रथ आणि धनुर्धर आहेत. तीन नंबरचा छोटा खड्डा म्हणजे सेनेचं ठाणं. सगळे मिळून 8,000 च्या आसपास पुतळे धरले जातात. त्यांतले बाहेर काढून जोडलेले 2,000 हून थोडे अधिक, बाकीचे अजून मातीखालीच.

यांच्या आधी चीनमध्ये थडग्यात ठेवायच्या बाहुल्या असत, पण त्या लहान. नंतरच्या हान राजवटीत सम्राट चिंगच्या थडग्यापाशी मातीची माणसं ठेवली गेली, तीही माणसाच्या एक तृतीयांश उंचीची. शीआनच्या विमानतळाजवळ हान यांगलिंगला ती पाहता येतात. सबंध सैन्यच्या सैन्य पुरुषभर उंचीचं घडवण्याचा उद्योग एकदाच झाला. म्हणजे हे काम करणाऱ्यांना पाठ गिरवायला आधीचा नमुना नव्हता.

पुरुषभर मातीचा पुतळा घडवणं का अवघड आहे, ते कोणताही कुंभार सांगेल. ओली माती वाळताना आकसते. जाड भाग हळू वाळतो, पातळ भाग झरझर, आणि दोन्हींच्या ओढाताणीत तडा जातो. आत ओल राहिली आणि भट्टी तापली, तर पाण्याची वाफ होऊन पुतळा फुटतो. त्यात हे पुतळे पाठीला टेका न देता दोन पायांवर उभे राहायला हवे होते. शिपायांची उंची साधारण 1.75 ते 1.95 मीटर, वजन 100 किलोच्या पुढे, काहींचं 300 किलोपर्यंत.

कारागिरांनी यावर काढलेली तोड अशी. चौथरा आणि पाय जाड, बहुतेक भरीव ठेवायचे, म्हणजे वजन खाली राहतं आणि पुतळा कलंडत नाही. त्यावर धड पोकळ उभारायचं. त्यासाठी मातीचे लांब वळ करून एकावर एक गोल गोल चढवत न्यायचे, आतून आधार देऊन बाहेरून थापटायचे. फुटलेल्या पुतळ्यांच्या आतल्या बाजूला हे वळ आणि बोटांनी दाबल्याच्या खुणा आजही दिसतात. हात वेगळे, पंजे वेगळे करून जोडायचे. डोकं स्वतंत्र घडवायचं, आणि इथे साचा वापरायचा: पुढचा अर्धा, मागचा अर्धा, कारखान्यातल्या बाईंनी जोडला तसाच. पण साच्यातून निघायचा तो डोक्याचा कच्चा आकार. कान, मिशा, भुवया, ओठ, अंबाडा, वेणी, टोपी, हे सगळं वरून माती चढवून किंवा कोरून हाताने करायचं. डोकं आणि धड निरनिराळं भाजायचं आणि भाजल्यावर मान धडात बसवायची. भट्टीचं तापमान 900 ते 1,000 अंश सेल्सिअसच्या घरात असावं.

जर्मन कला-इतिहासकार लोथार लेडेरोज यांनी चिनी कलेतल्या या युक्तीवर एक सबंध पुस्तक लिहिलं. भाग मोजके ठेवायचे आणि त्यांच्या जुळण्या बदलत राहायच्या. पायांचे काही प्रकार, चिलखतांचे काही, हातांच्या काही ठेवणी, डोक्यांचे मोजके साचे. एवढ्यावरच नुसत्या अदलाबदलीने शेकडो निरनिराळी माणसं उभी राहतात. त्यावर हाताचं काम चढलं की दोन शिपाई एकसारखे सापडणं मुश्किल होतं.

हे डोळ्यांना जाणवतं, पण मोजून पाहायचं कसं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी आणि संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी त्यासाठी कान निवडला. माणसाच्या कानाची घडण इतकी वेगवेगळी असते की ओळख पटवायला तिचा उपयोग होतो. शिवाय खड्ड्यात उतरून पुतळ्यांना हात लावायची सोय नव्हती, आणि कान दुरून फोटोत नीट येतात. निरनिराळ्या कोनांतून काढलेल्या फोटोंवरून त्यांनी 30 शिपायांच्या कानांची त्रिमितीय प्रारूपं संगणकावर तयार केली आणि एकमेकांशी ताडून पाहिली. 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्यांत कोणतेही दोन कान तंतोतंत जुळले नाहीत. प्रत्येक पुतळ्यासमोर खरा शिपाई बसवला होता, असं यावरून सिद्ध होत नाही. कान मात्र साच्यातून आलेले नाहीत, ते कुणीतरी एकेक करून लावले, एवढं पक्कं कळतं.

कठड्यावरून न दिसणारी एक गोष्ट काचेच्या पेटीत जवळून पाहता येते. दोन नंबरच्या खड्ड्यातला एक गुडघा टेकलेला धनुर्धर तिथे ठेवला आहे. बहुतेक पुतळे तुकड्यातुकड्यांत सापडले. हा ठेंगणा असल्यामुळे छप्पर कोसळलं तरी शाबूत राहिला. त्याचा एक गुडघा जमिनीवर आहे, त्यामुळे मागच्या पायाचा तळवा आपल्याकडे वळलेला दिसतो. बुटाच्या त्या तळाला शिवणीचे टाके कोरलेले आहेत. चवड्याशी आणि टाचेशी दाट, मधे विरळ, कारण बूट झिजतो तो पुढे आणि मागे. जमिनीखाली गाडायच्या पुतळ्याच्या पायाचा तळ कुणी पाहणार नव्हतं. तरीही घडवणाऱ्याने बूट कुठे झिजतो याचा हिशेब केला.

की त्याला तो करावाच लागला? पुतळ्यांवर सहज लक्ष जाणार नाही अशा जागी लहान शिक्के आणि कोरलेली अक्षरं सापडतात. ही मुकादमांची नावं आहेत. अशी 80 हून अधिक निरनिराळी नावं वाचली गेली आहेत. छिन राज्यात केलेल्या वस्तूवर करणाऱ्याचं नाव घालायचा दंडक होता. कौतुक हा त्यामागचा हेतू नव्हे. वस्तू सदोष निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं, यासाठी ही तजवीज होती. काही नावांना राजवाड्याच्या कारखान्याची खूण आहे, काहींना शिएनयांग शहराची. अनेक वर्षं या उत्खननाचं नेतृत्व केलेले युआन चोंगयी यांनी या नावांचा अभ्यास केला. त्यांच्या मते राजवाड्याकडच्या मुकादमांचे पुतळे भारदस्त, पण ठरीव चेहऱ्याचे. शहरातल्या कारागिरांचे चेहरे जास्त निरनिराळे आणि जिवंत. म्हणजे एकाच रांगेत शेजारी उभ्या असलेल्या दोन शिपायांत दोन कारखान्यांच्या रीती पाहायला मिळतात.

मातीचा पुरवठा मात्र एकाच ठिकाणचा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुतळ्यांच्या तुकड्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सगळ्यांची माती थडग्याच्या आसपासचीच होती आणि तिच्यात वाळू मिसळली होती, तडे टाळण्यासाठी. माती एके ठिकाणी तयार करून निरनिराळ्या कारखान्यांना वाटली जात असावी, असं अभ्यासकांना वाटतं. दुकानदार आपला शिपाई ‘त्याच मातीचा’ म्हणून विकतो, तेव्हा हा दावा अगदीच पोकळ म्हणता येत नाही. आणि नकला किती हुबेहूब असतात याचा अनुभव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने 2007 मध्ये घेतला. तिथल्या प्रदर्शनातले शिपाई खरे नसून नकला आहेत, हे उद्घाटन झाल्यावर उघड झालं.

मातीच्या हातांत शस्त्रं मात्र खरी होती. एकट्या एक नंबरच्या खड्ड्यात काशाची 40,000 हून अधिक बाणाग्रं सापडली. भात्यात सुमारे शंभर बाणांची जुडी असे. मार्कोस मार्तिनोन-तोरेस, ली शियूजेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाणाग्रांची धातुमिश्रणं तपासली. सगळी बाणाग्रं एका प्रचंड साखळीत, म्हणजे आज टोकं, उद्या दांडे, परवा जोडणी अशी झाली असती, तर निरनिराळ्या ओतकामांचे धातू एकाच जुडीत मिसळलेले दिसले असते. तसं दिसलं नाही. एका जुडीतल्या बाणाग्रांचा धातू एकमेकांशी जुळतो आणि दुसऱ्या जुडीपेक्षा वेगळा पडतो. अर्थ असा की लहान लहान स्वयंपूर्ण तुकड्या होत्या. प्रत्येक तुकडी एकेका भात्याचा माल सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः पुरा करायची. आधुनिक मोटारकारखान्यांनी विसाव्या शतकात स्वीकारलेल्या पद्धतीशी अभ्यासकांनी तिची तुलना केली आहे. मागणी बदलली तर अशा तुकड्या चटकन दुसरं काम हाती घेऊ शकतात, आणि एक अडली म्हणून बाकीच्या थांबत नाहीत.

या शस्त्रांभोवती एक दंतकथाही जमली होती. काही पाती इतकी लखलखीत निघाली, की छिनच्या कारागिरांना क्रोमियमचा मुलामा देण्याची कला अवगत होती, असं पुस्तकांतून छापलं जाऊ लागलं. पृष्ठभागावर क्रोमियम सापडलंही होतं. 2019 मध्ये शेकडो शस्त्रं तपासल्यावर उलगडा झाला. क्रोमियम प्रामुख्याने आढळलं ते लाकडी दांडा किंवा मूठ बसवायच्या जागेपाशी, आणि ते आलं होतं त्या लाकडावरच्या लाखेच्या लेपातून. शस्त्रं टिकली ती काशातल्या कथलाच्या भरपूर प्रमाणामुळे आणि तिथल्या बारीक कणांच्या, किंचित अल्कधर्मी, सेंद्रिय द्रव्य कमी असलेल्या मातीमुळे.

लाखेने शस्त्रांना वाचवलं नाही, आणि पुतळ्यांचे रंग तर तिच्यामुळेच गेले. आज सैन्य मातकट दिसतं. गाडलं तेव्हा ते भडक रंगवलेलं होतं. भाजलेल्या पुतळ्यावर आधी एका विशिष्ट झाडाच्या चिकाचा, लाखेचा, तपकिरी लेप द्यायचे आणि त्यावर रंग. हिंगुळाचा लाल, तांब्याच्या खनिजांचे हिरवा आणि निळा, हाडांच्या राखेचा पांढरा. दोन हजार वर्षं ओलसर मातीत हा लेप पाणी धरून राहिला. पुतळा उघडा पडला की पाणी उडून जातं, लेप आकसतो आणि पंधरा सेकंदांत त्याच्या कडा वळायला लागतात. काही मिनिटांत तो रंगासकट पापुद्रे होऊन गळतो. सुरुवातीच्या उत्खननात हे थोपवायचा उपाय कुणाकडेच नव्हता. पुढे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या वारसा खात्याबरोबर चिनी तज्ज्ञांनी तोडगा शोधला: पुतळा ओला असतानाच लेपातल्या पाण्याची जागा पॉलिएथिलीन ग्लायकॉलला घेऊ द्यायची, म्हणजे लेप आकसत नाही. त्यानंतर निघालेल्या काही पुतळ्यांच्या चेहऱ्यावर रंग टिकले आहेत. त्यांत एका धनुर्धराचा चेहरा चक्क हिरवा आहे.

या रंगांत एक जांभळा आहे. तो निसर्गात खनिज म्हणून खणून काढलेला नाही. बेरियम, तांबं आणि वाळू यांची द्रव्यं प्रखर भट्टीत एकत्र तापवून तो माणसाने बनवला. त्याचं रासायनिक नाव बेरियम कॉपर सिलिकेट. 2006 मध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी याच पदार्थाचे स्फटिक निरपेक्ष शून्याजवळ थंड करून अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले. तेव्हा त्याच्यातल्या चुंबकीय लहरी त्रिमितीय स्फटिकात असूनही जणू सपाट पृष्ठभागावर असल्यासारख्या वागू लागल्या. शिपायाची विजार रंगवण्यासाठी केलेल्या रंगाचा हा पुढचा प्रवास भट्टीवाल्याच्या स्वप्नातही आला नसता.

एक नंबरच्या खड्ड्याच्या मागच्या भागात पुतळे जोडण्याची जागा आहे. तुकड्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावलेल्या, अर्धे उभे राहिलेले शिपाई पट्ट्यांनी आवळलेले. खड्ड्यांचं मूळ छत लाकडी तुळयांचं होतं. वर चटया आणि माती. सम्राट गेल्यावर काही वर्षांतच शस्त्रं लुटली गेली, तुळया पेटवल्या गेल्या आणि छत पुतळ्यांवर कोसळलं. इ.स.पू. 206 मध्ये राजधानी जाळणाऱ्या श्यांग यूच्या फौजेवर याचा संशय आहे. एकेक पुतळा जोडायला महिनोन्‌महिने लागतात.

आणि हे सगळं म्हणजे मुख्य थडग्याबाहेरचा पहारा. आसपासच्या 56 चौरस किलोमीटरमध्ये असे शेकडो खड्डे आढळले आहेत. एकात चुनखडीच्या बारीक पट्ट्या तांब्याच्या तारेने ओवून केलेली चिलखतं, एकात कसरतपटू, एकात काशाचे हंस आणि सारस. टेकडीच्या पश्चिमेला 1980 मध्ये काशाचे दोन रथ निघाले, खऱ्याच्या निम्म्या मापाचे, प्रत्येकाला चार घोडे आणि प्रत्येकात 3,000 हून अधिक सुटे भाग. खुद्द थडगं अजून उघडलेलं नाही. सिमा छ्यानच्या पाऱ्याच्या नद्यांची गोष्ट मात्र थट्टेवारी नेता येत नाही. टेकडीवरच्या मातीत पारा जास्त असल्याचं 1980 च्या दशकातच नोंदलं गेलं होतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेझरने हवेतला पारा मोजला होता, त्यात टेकडीवर घनमीटरमागे 27 नॅनोग्रॅमपर्यंत आकडा गेला; त्या भागात एरवी तो 5 ते 10 असतो. बीजिंगजवळ वानली सम्राटाचं थडगं 1956 ते 1958 या काळात उघडलं, तेव्हा आतली रेशमी वस्त्रं हवेत येऊन खराब झाली. लाखेच्या लेपाचा अनुभव गाठीशी आहेच. त्यामुळे घाई न करणं हेच शहाणपणाचं ठरलं आहे.

राहतात ती 7,00,000 माणसं. आकडा सिमा छ्यानचा आहे, कमीजास्त असेल. पण माणसं खरी होती, याचा पुरावा थडग्याजवळच्या एका साध्या दफनभूमीत मिळाला. तिथे मजुरांचे सांगाडे दाटीवाटीने पुरलेले होते आणि काहींवर फुटक्या कौलांचे तुकडे ठेवलेले. त्या तुकड्यांवर माणसाचं नाव, गाव आणि काहींच्या बाबतीत तो कशासाठी आला होता ते खरडलेलं आहे: दंड किंवा कर्ज भरता आलं नाही, म्हणून अंगमेहनतीने फेडायला. जिंकलेल्या पूर्वेकडच्या मुलखातून ही माणसं शेकडो मैल चालत आली होती. मुकादमाचं नाव धाकापोटी पुतळ्यावर उमटलं. वेठीवर मेलेल्याचं नाव कुणीतरी सोबत्याने हाताला लागेल त्या कौलावर कोरलं.

सम्राट मेल्यावर वर्षभरातच बंड झालं. बंडखोरांची फौज लीशान डोंगराजवळ, म्हणजे थडग्याच्या अगदी दाराशी येऊन ठेपली. नव्या सम्राटाकडे फौज जमवायला वेळ नव्हता. तेव्हा चांग हान नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलं, की लीशानवर राबणाऱ्या कैद्यांना माफी द्यावी आणि त्यांच्या हातात शस्त्रं द्यावीत. तसं केलं गेलं, आणि त्या फौजेने बंडखोरांना मागे रेटलंही. पण छिनची राजवट फार टिकली नाही; इ.स.पू. 206 मध्ये ती संपली.

तीन खड्ड्यांजवळ एक चौथा खड्डाही सापडला आहे. तो खणून तयार होता, पण आत एकही पुतळा नाही. काम अर्ध्यावर थांबलं असावं असा अभ्यासकांचा तर्क आहे, आणि वर्षांचा हिशेब त्याच्याशी जुळतो. पूर्वेकडून शत्रू खरोखरच आला, तेव्हा पूर्वेकडे तोंड करून उभं केलेलं सैन्य जागचं हललं नाही. लढायला गेले ते बांधकामावरचे मजूर, आणि चौथा खड्डा भरायला माणसंच उरली नाहीत.